बेटम्यातली कापी

इंदूरहून अहमदाबादच्या रस्त्याला लागलं की पंचवीस-तीस किलोमीटरवर बेटमा लागतं. आजूबाजूला काळी जमीन; सोयाबीन, गहू, लसूण, बटाटा. जवळच पीथमपूरचे कारखाने, त्यामुळे आमच्यासारखी नोकरीपायी आलेली बिऱ्हाडं इथं बरीच. गावात गुरु नानकांच्या आठवणीचा जुना गुरुद्वारा आहे. भोजराजाचे इ. स. १०२० मधले ताम्रपटही याच गावात सापडले. कोकण जिंकल्याच्या सोहळ्यानिमित्त राजानं जमीन दान दिली, असं त्यात लिहिलेलं आहे. म्हणजे बेटम्याचं कोकणाशी नातं हजार वर्षांचं निघालं. कॉफीशी मात्र काहीच नाही!

इथं सकाळ उगवते ती पोहे, जिलेबी आणि चहावर. कॉफी म्हणजे किराणा दुकानात माळेसारख्या टांगलेल्या दोन रुपयांच्या पुड्या, नाहीतर लग्नातली मशीनची कॉफी. फुस्स करून वाफ सोडलेलं गोड दूध आणि वर चिमूटभर चॉकलेटी भुकटी. थंडीच्या दिवसांत ती छान लागते, मी काही नाव ठेवत नाही. पण ती कॉफी नव्हे.

आमच्या बेळगावच्या घरात दोन कॉफ्या होत्या. अप्पांच्या बाजूची मराठी कॉफी, म्हणजे दुधात साखर आणि पूड उकळायची, वर जायफळ किसायचं, वेलदोडा घालायचा आणि गाळून प्यायची. ती पाहुण्यांसाठी, उपासाला, कोजागरीला. अम्मा माहेरची कोप्प्याची, चिक्कमगळूर जिल्ह्यातली. तिचा पितळी फिल्टर रात्री भरून ठेवलेला असायचा आणि सकाळी थेंब थेंब उतरलेलं डिकॉक्शन तयार. बेळगाव-धारवाडकडं पाहुणा आला की ‘बर्री, चहा कुडीरी’ म्हणतात. अम्माच्या गावाकडं रस्त्यात भेटलेला माणूसही ‘काफी आय्ता?’ असं विचारतो, जसं आपण ‘जेवलात का’ विचारतो. अप्पा तिच्या कॉफीला ‘काढा’ म्हणत आणि ती त्यांच्या कॉफीला ‘पायसा’. चाळीस वर्षं हे भांडण चाललं आणि दोघांनीही एकमेकांची कॉफी कधी टाकली नाही. सीमाभागातल्या घरांतून असली भांडणं तुम्हालाही ओळखीची असतील.

अप्पा गेल्यावर अम्मा बेटम्याला आली. पहिले काही महिने ती फार बोलायचीच नाही. हिंदी येत नाही, शेजारणी माळवीत बोलतात, टीव्हीवरच्या कन्नड मालिका तेवढ्या सोबतीला. जेवण कमी झालं. सकाळी चहाचा कप घेऊन बसायची आणि अर्धा तसाच राहायचा. एक दिवस म्हणाली, ‘इथल्या पाण्याला चव नाही, दुधाला वास नाही, आणि कापी तर नाहीच.’ पाणी आणि दूध माझ्या हातात नव्हतं. म्हटलं, कापीचं बघू या.

आधी इंदूरची दुकानं पालथी घातली. एका मोठ्या दुकानात ‘फिल्टर कॉफी’ म्हणून पाकीट मिळालं. समोर मोठ्या अक्षरांत अरेबिका, कॉफीच्या झाडाचं चित्र, सगळं झकास. मागच्या बाजूला भिंगानं वाचावं अशा अक्षरांत ‘कॉफी ५३ टक्के, चिकोरी ४७ टक्के’. हे बेकायदा नाही बरं का. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे चिकोरी मिसळलेल्या पुडीत कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे आणि प्रमाण पाकिटावर छापलं पाहिजे, एवढंच. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. आपल्याकडं ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. त्यानं डिकॉक्शन दाट, काळं होतं आणि थोडी गोडसर कडू चव येते. वीस-तीस टक्के चिकोरीची कॉफी दक्षिणेत लाखो घरांत आवडीनं पितात, अम्माही त्यातलीच. पण निम्मी चिकोरी घेऊन कॉफीचे पैसे मोजायचे, हे मला पटत नाही.

पाकिटावर काहीच लिहिलेलं नसलं, सुटी पूड असली, तर घरी एक सोपी परीक्षा आहे. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्यावं आणि चमचाभर पूड वर भुरभुरावी. कॉफीत तेल असतं, ती बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच खाली बसायला लागते आणि जाताना पाण्यात तपकिरी रेघा सोडते. हे बघायला आमच्या गल्लीतली चार पोरं जमली होती, त्यांना जादूचा प्रयोग वाटला.

इंदूरला इंडियन कॉफी हाऊस आहे, तिथं अम्माला घेऊन गेले. पगडी घातलेला वाढपी बघून ती खुलली. या कॉफी हाऊसची गोष्टही मोठी आहे. १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं उघडलं. पुढं कॉफी बोर्डानं ती चालवली आणि १९५० च्या दशकात बंद करायला घेतली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती हातात घेतली. मध्य प्रदेशातली कॉफी हाऊसं जबलपूरच्या संस्थेची. तिथं अम्मानं कॉफी घेतली, डोसा खाल्ला, खूश झाली. पण बेटम्याहून रोज सकाळी सहा वाजता इंदूरला कोण जाणार?

मग शोध सुरू झाला तो भाजणाऱ्यांचा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात कॉफी भाजून ताजी ताजी घरपोच पाठवणारी नवी मंडळी उभी राहिली आहेत. दिल्लीचे ब्लू टोकाई २०१३ मध्ये सुरू झाले. मग जयपूरचे क्युरिअस लाइफ, मुंबईचे सबको, नागपूरचे कॉरिडॉर सेव्हन, आणि बंगळूरला तर मोजदाद नाही. आपल्या नागपुरात कॉफी भाजतात आणि ती देशभर जाते, हे कळल्यावर मला उगीचच अभिमान वाटला. मागवायला काही जादू लागत नाही, फोनवरून पैसे भरले की चार-पाच दिवसांत पाकीट बेटम्यात येतं. कुरिअरवाला मुलगा पाकीट नाकाशी धरून म्हणाला, ‘आंटी, इसमें क्या है? पूरा बैग महक रहा है.’

पण कोणाकडून घ्यायची? मी काही महिने आलटून पालटून घेतली आणि एक गोष्ट ठरवली, की नावापेक्षा पाकीट वाचावं. भाजल्याची तारीख लिहिलेली हवी. ‘पॅकिंगची तारीख’ किंवा ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ हे वेगळं. भाजलेल्या बियांतून पहिले काही दिवस वायू बाहेर पडत असतो, म्हणून पाकिटाला एका बाजूनं उघडणारी छोटी झडप असते. भाजल्यापासून आठवडाभरानं ती चवीला येते आणि महिना-दीड महिन्यात उतरणीला लागते. दुसरं, मळ्याचं नाव, जात, उंची आणि बी कसं वाळवलं ते लिहिलेलं असावं. फळाची साल काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली कॉफी स्वच्छ, हलकी लागते. फळासकट उन्हात वाळवलेलीला पिकलेल्या फळांचा वास येतो. आणि तिसरं म्हणजे सबंध बिया घ्याव्यात. दळलेली पूड किती लवकर विटते, हे मसाला कुटणाऱ्या बाईला सांगायला नको. मी एक हातानं फिरवायची छोटी चक्की घेतली. आता रोज सकाळी घरात तिचा घरघर आवाज असतो. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद, बुंददाणे म्हणत. अप्पांच्या आईच्या तोंडी तो शब्द होता. पाकिटावर एवढी इंग्रजी अक्षरं असतात, एखाद्यानं ‘बुंददाणे’ छापायला काय हरकत आहे?

पहिलं चांगलं पाकीट आलं ते हलकं भाजलेलं, चिक्कमगळूरच्या एका मळ्याचं. पाव किलोला साडेपाचशे रुपये. अम्माच्या गावाकडचंच म्हणून मी मोठ्या हौसेनं फिल्टरला घातलं, दूध तापवलं. अम्मानं घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘इदु काफी अल्ल, हुणसे सारु!’ ही कॉफी नव्हे, चिंचेचं सार!

तिचं काही चुकलं नव्हतं. कॉफी हे मुळात फळाचं बी, त्यात आंबटपणा असतोच. जास्त भाजलं की तो जळतो आणि कडवटपणा वर येतो. या नव्या मंडळींना मळ्याची मूळ चव दाखवायची असते, म्हणून ती हलकं भाजतात. आणि ती चव दिसते दुधाशिवाय. दूध आणि साखर घालून प्यायची तर मध्यम ते गडद भाजलेली हवी. तेवढं कळल्यावर मी दोन पाकिटं ठेवायला लागले. एक गडद, अम्माच्या फिल्टरचं. त्यात मी स्वतः पंधरा टक्के चिकोरी मिसळते, वेगळी विकत आणून, मोजून. दुसरं माझं, कागदाच्या गाळणीतून बिनदुधाचं. पंधरा ग्रॅम पुडीला सव्वादोनशे ग्रॅम पाणी, उकळी फुटल्यावर मिनिटभर थांबून ओतलेलं. आमचे हे चहाच पितात. त्यांना घरातून बाहेर काढलेलं नाही.

पाण्याचं मात्र अम्मा म्हणाली ते खरं निघालं. आमच्या बोअरचं पाणी जड. किटलीला आठ दिवसांत पांढरा थर बसतो. अशा पाण्यातले क्षार कॉफीतला आंबटपणा मारून टाकतात आणि चव खडूसारखी सपाट होते. यंत्रातून गाळलेलं अगदी मऊ पाणी घेतलं तर उलटं होतं. पाण्यात थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम नसेल तर बियांतली चव नीट उतरत नाही. मी निम्मं-निम्मं मिसळून बघितलं, आणि त्याच पुडीची कॉफी निराळीच लागली. साडेपाचशेच्या पाकिटावर जे झालं नाही ते फुकटच्या पाण्यानं झालं.

शिकायला आता साधनं पुष्कळ आहेत. जेम्स हॉफमन या इंग्रज गृहस्थांचं जगभरच्या कॉफीवरचं पुस्तक २०१४ मध्ये आलं. नकाशे आणि चित्रं अशी, की इंग्रजी जेमतेम येणाऱ्यालाही समजावं. त्यांची चित्रफीतही मोबाईलवर फुकट बघायला मिळते. आपल्या कॉफी बोर्डाचा बंगळूरला ‘कापी शास्त्र’ नावाचा छोटा अभ्यासक्रम असतो, त्यात भाजणं, दळणं, चव घेणं शिकवतात. ज्यांची मुलं बंगळूरला आहेत त्यांनी चौकशी करावी, उद्या कुणाला बेळगावात दुकान काढायचं असेल तर उपयोगी पडेल. मला जाणं जमलं नाही, म्हणून मी चव घेण्याची रीत घरीच शिकले. सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, वर दीडशे मिलिलिटर गरम पाणी, चार मिनिटांनी वरचा फेस चमच्यानं मोडायचा, वास घ्यायचा आणि थोडं निवल्यावर चमच्यानं जोरात फुर्र करून ओढायचं. सासरी असं ओढलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं! जाणकार अशीच चव घेऊन शंभरापैकी गुण देतात आणि ऐंशी किंवा जास्त मिळाले तर त्या कॉफीला स्पेशालिटी म्हणतात. एवढा मोठा शब्द, पण त्याचा अर्थ इतकाच, की बी निवडलेलं आहे, त्यात दोष नाहीत आणि कुठून आलं ते सांगता येतं.

हे कुठून आलं ते सांगता येणं, इथंच माझा शोध आमच्या मामांपर्यंत पोचला.

मामांची कोप्प्याजवळ सहा एकर कॉफी. वर सिल्व्हर ओक आणि फणसाची सावली, खांबांसारख्या खोडांवर मिऱ्याच्या वेली. चार एकर रोबस्टा, दोन एकर अरेबिका. मामांनी आयुष्यभर कॉफी पिकवली, पण ती कशी लागते हे कुणी त्यांना विचारलं नाही. पूर्वी विचारायची सोयच नव्हती. १९४२ च्या कायद्यानं सगळ्यांनी आपली कॉफी बोर्डाच्या साठ्यात घालायची, बोर्ड ती एकत्र करून विकणार आणि पैसे हप्त्याहप्त्यानं देणार. मामांची आणि शेजाऱ्याची एकाच ढिगात. निवडून तोडा किंवा ओरबाडून काढा, हातात पडायचं ते तेच. ही पद्धत १९९२ नंतर सैल होत गेली आणि १९९६ मध्ये पूर्ण संपली. आज पाकिटावर मळ्याचं नाव दिसतं ते त्यानंतरच शक्य झालं. पण ज्यांच्याकडं मोठे मळे, साल काढायची यंत्रं, बंगळूरला ओळखी, त्यांना ते जमलं. देशातले बहुतेक सगळे कॉफी पिकवणारे दहा हेक्टरच्या आतले, मामांसारखे. ते फळासकट वाळवलेली ‘चेरी’ पन्नास किलोच्या पोत्यानं व्यापाऱ्याला देतात आणि पोत्यातून सव्वीस किलो बी निघेल की चोवीस, यावर भाव ठरतो. चवीचा त्यात संबंध नाही.

मामांची मुलं बंगळूरला. २००१-०२ मध्ये जगभर भाव कोसळले तेव्हा मामांनी मामींच्या बांगड्या गहाण टाकून मजुरी भागवली होती, हे त्यांनी पाहिलेलं. आणि अरेबिकाचं दुखणं वेगळंच. पांढरा खोडकिडा झाड आतून पोखरतो आणि मग झाड उपटून जाळण्यावाचून इलाज नाही. मामांनी दर वर्षी अशी झाडं उपटली. २०२४ आणि २०२५ च्या सुरुवातीला ब्राझील-व्हिएतनामच्या दुष्काळानं भाव कधी नव्हे इतके चढले, तेव्हा मुलं म्हणाली, ‘आता जमिनीलाही किंमत आली आहे, विकून टाकू या. निदान अरेबिका काढून सगळी रोबस्टा तरी लावू या.’ अम्माचं बालपण ज्या अंगणात कॉफी उलथवण्यात गेलं, तेच हे अंगण. ती काही बोलली नाही, पण रात्री उठून बसायला लागली.

मी मामांना फोन केला. म्हटलं, ‘मामा, तुमच्या दोन एकरांत जात कोणती आहे हो?’

‘सेव्हन नाइन्टी फाइव्ह. माझ्या वडिलांनी लावली. बाळेहोन्नूरहून रोपं आणली होती.’

बाळेहोन्नूर त्यांच्यापासून जवळच. तिथं १९२५ पासून कॉफीचं संशोधन केंद्र आहे, आणि एस-७९५ ही जात तिथलीच, १९४० च्या दशकातली. एका बाजूनं जुनी केंट जात, दुसऱ्या बाजूनं लायबेरिका नावाच्या दणकट कॉफीचं रक्त. जायफळ-लवंगेसारखा हलका मसाल्याचा वास हा तिचा गुण. आता नवे भाजणारे जिचं नाव पाकिटावर मिरवतात, ती मामांच्या दोन एकरांत खोडकिड्याशी झुंजत उभी आहे!

म्हटलं, ‘या वर्षी पाच किलो मला वेगळी करून द्याल? फक्त लालबुंद फळं तोडायची. बादलीत पाण्यात टाकून तरंगतील ती काढून टाकायची. जमिनीवर नको, बाजेवर जाळी टाकून पातळ पसरून वाळवायची.’

‘पाच किलोसाठी एवढं?’ मामा हसले. ‘तुला माहीत आहे का, तोडायला माणसं किलोवर येतात. एकदाच सगळं ओढून नेतात. लाल तेवढीच घ्यायची तर एका झाडाकडं तीन-चार वेळा जावं लागतं. ते पैसे कोण देणार?’

प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. तरी त्यांनी केलं. मामींनीच तोडली, म्हणे. जानेवारीत पोस्टानं पुडकं आलं. साल काढलेलं, हिरवट राखी बी, गवतासारखा वास. त्यातलं थोडं मी लोखंडी कढईत भाजलं. शेंगदाण्यासारखं सतत हलवत राहायचं. आधी पिवळं, मग दालचिनीसारखं, मग तडतड तडतड असा मोठा आवाज, तिथून पुढं दर अर्ध्या मिनिटाला रंग बदलतो. टरफल उडून ओटाभर होतं आणि धूर असा, की शेजारच्या भाभी ‘कुछ जल गया क्या?’ म्हणत आल्या. बेटम्यात त्या दिवशी पोह्याच्या वासावर कॉफीनं मात केली.

अम्माला मी काही सांगितलं नाही. तिच्या फिल्टरला ती पूड घातली. गडद भाजलेली, चिकोरी न घालता, आणि साखरेऐवजी गूळ, मलनाडात पितात तशी. तिनं वाटीतून फुंकून घोट घेतला. दुसरा घेतला. मग विचारलं, ‘ही कुठली?’ मी सांगितलं. ती बराच वेळ वाटीकडं बघत बसली आणि मग त्या अंगणाबद्दल, आजोबांबद्दल, पावसात भिजलेली कॉफी रात्री कंदील घेऊन आत ओढल्याबद्दल तासभर बोलत होती. कन्नडमध्ये, पूर्वीसारखी भरभर. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, ‘थोडी चिकोरी घाल गं, दाट होत नाही.’

उरलेलं बी मी एका भाजणाऱ्याकडं पाठवलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. गुण साडेएक्क्याऐंशी. वास चांगला, वाळवणं थोडं असमान, काही बी किडीनं भोकं पाडलेलं. पुढच्या हंगामात दोनशे किलोपर्यंत घेऊ, बाजारभावापेक्षा जास्त देऊ, पण सगळं असंच निवडून तोडलेलं हवं. मी कागदावर हिशेब मांडला. तोडणीचे जादा फेरे, जाळ्या, मामींचे कष्ट धरले तर हातात फार काही उरत नाही, थोडं उरतं. मुलांना मी तो जसाच्या तसा पाठवला, फुगवून नाही.

मोठ्या मुलाचा फोन आला. जमिनीचं गिऱ्हाईक पक्कं होतं, भावही ठरत आला होता. तो म्हणाला, ‘अक्का, साडेएक्क्याऐंशी म्हणजे चांगलं असतं का?’ मी म्हटलं, पास होण्यापेक्षा दीड गुण जास्त. तो हसला. मग मामांनी फोन घेतला. त्यांनी चार एकरांचं काय होईल ते सांगितलं नाही. म्हणाले, दोन एकर अरेबिकाला एप्रिलच्या पावसाआधी खोडाला चुना लावून घेतो, बाजांना जाळ्या किती लागतील ते तू विचारून सांग. आणि विकायचं? ‘ई वर्ष नोडोण,’ म्हणाले. हे वर्ष बघू या.

अम्मानं तेवढ्यात माझ्या हातून फोन ओढून घेतला होता आणि भावाला, आंबवायच्या टाकीत पाणी कोणतं घालतोस, विहिरीचं की ओढ्याचं, असं दरडावून विचारत होती.